डावी बाजू गप झाली

भादव्यातली संध्याकाळ. लोणीचे पावणे ज्योत्स्नाला बघायला वारूळवाडीत आले, चहापोहे झाले, आणि मुलाचे चुलते हौशीराम मांडी बदलत म्हणाले, "लग्नानंतर कॉलेज बंद. आमच्यात तसंच असतं." ज्योत्स्नाचं बीएस्सीचं शेवटचं वर्ष बाकी होतं. तिनं मुलाकडे, प्रबुद्धकडे पाहिलं. तो बशीकडे बघत राहिला.

मग पाच मिनिटं बोलू द्यावं म्हणून दोघांना परसातल्या कांदे साठवायच्या बराखीमागं धाडलं.

तिथं रातकिड्यांनी रान डोक्यावर घेतलं होतं. प्रबुद्धनं तोंड उघडलं, तेवढ्यात डाव्या बाजूची किरकिर एकदम थांबली. ज्योत्स्नानं ओठांवर बोट ठेवलं आणि मोठ्यानं म्हणाली, "भाकरी येते मला. कालवणबी येतं."

तो चक्रावला. "मी कुठं इचारलं?"

"तुमाला न्हाई, आत्याला ऐकवलं," ती कुजबुजली. "माझी कोंडाआत्या बराखीआड उभीय. पाऊल वाजलं की किडे गप व्हतात."

जरा वेळानं आत्याचा खोकला घराकडं गेला. एका किड्यानं सूर धरला, दुसऱ्यानं उचलला. जात्यावर दोघी बाया ओवी वाटून घेतात तसा. डावी बाजू पुन्हा भरून आली.

"गेली. आता खरं बोला. काकांचं म्हणणं पटतं तुमाला?"

"न्हाई. पर त्यांनीच वाढवलंय मला. त्यांच्यापुढं तोंड उघडत न्हाई माझं."

ज्योत्स्नानं किड्यांच्या आवाजाकडं बोट केलं. "हे गातात ना, ते नर. पंखावर पंख घासतात. आवाजावर मादी येते. त्याच आवाजावर पालबी येते."

"मग?"

"गप बसतो तो वाचतो. पर त्याच्याकडं कुणी येत न्हाई."

"शिकवताय का टोमणा मारताय?"

"तुमीच ठरवा."

तो घराकडं वळला. तो चालला तसे वाटेतले किडे गप होत गेले. ज्योत्स्ना तिथंच थांबली.

मग घरातून त्याचा आवाज आला. चिरकलेला, पण बराखीपर्यंत पोचेल एवढा मोठा.

"काका, हिचं कॉलेज बंद व्हनार न्हाई."

बशांची किणकिण थांबली. कुणी खाकरलंसुद्धा नाही. त्या शांततेत तो एकटाच उभा असेल, हे तिला न बघताच कळलं. कुणी हाक मारायची वाट न बघता ती आत गेली आणि त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली.