उभ्या बसमध्ये पडलेला काटा

मित्रांनो, तळहातावर मावणारा मी एक जुना पितळी बॅरोमीटर आहे. माझ्या पोटात पातळ पत्र्याची एक डबी आहे. तिच्यातली हवा जन्मतःच काढून घेतलेली असल्याने बाहेरची हवा तिला सतत दाबत असते. दाब वाढला की डबी चेपते, कमी झाला की किंचित फुगते, आणि ती हालचाल बारीक तरफांमधून माझ्या काट्यापर्यंत पोचते. माझे ज्ञान एवढेच. तबकडीवर ‘वादळ’ हा शब्द कोरलेला असला, तरी मला भविष्य दिसत नाही.

पुण्यातल्या एका छोट्या कारखान्यात मी तयार झालो. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या आप्पांनी मला विकत घेतले. रोज आंघोळ झाली की ते काचेवर हलकी टिचकी मारत, काटा वाचत, आणि मग हाताने फिरणारा दुसरा, खुणेचा काटा त्याच्यावर आणून ठेवत. दुसऱ्या सकाळी दोघांत किती अंतर पडले ते पाहत. “आधी वाच, मग मत दे,” असे ते आपल्या मुलाला, रमणला, सांगत. पुढे मला इतके लक्षपूर्वक कोणी पाहिले नाही.

आप्पांच्या पश्चात रमणने मला न्यूझीलंडला आणले. रोटोटुना या उपनगरातल्या नव्या घरात देवघराशेजारच्या फळीवर मला जागा मिळाली. अभियंता असलेल्या रमणच्या फोनवर जगभराची हवा दिसत असे, त्यामुळे टिचकी बंद झाली. त्याची पत्नी सुचित्रा रुग्णालयात फार्मासिस्ट आहे. एका दसऱ्याला तिने घरातल्या उपकरणांची पूजा केली. त्यात लॅपटॉप होता, गाडी होती आणि मीही होतो. कुंकू जरा ओले होते. त्याचा ओघळ माझ्या काचेच्या कडेतून आत उतरला. यंत्र कामातून गेले, असे रमणने तेव्हाच जाहीर केले. प्रत्यक्षात कुंकू कडेलाच वाळले होते, काट्याला त्याचा स्पर्शही झाला नव्हता. रमणने ते तपासले नाही. पूजेने यंत्र बिघडते, हे उदाहरण त्याला फार आवडले होते आणि पाहुण्यांना ते सांगून झालेही होते.

पुढच्या जुलैच्या सुट्टीत हे कुटुंब फिलिपिन्सला निघाले. सुचित्राच्या वॉर्डातली परिचारिका मारिसेल हिचे आईवडील तिथे डोंगरातल्या एका गावात राहतात. त्यांनी आग्रहाने बोलावले होते. प्रवासात हवेचा दाब कसा बदलतो, असा शाळेचा प्रकल्प घेऊन रमणची मुलगी ऋचा हिने मला बरोबर घेतले.

ऑकलंडहून विमान वर गेले, तसा माझा काटा घसरत ‘वादळ’ या शब्दाच्याही खाली गेला. तिघेही हसले. हसणे योग्यच होते, कारण विमानाच्या आतला दाब जमिनीवरच्यापेक्षा कमीच ठेवलेला असतो. मनिलाहून बस वळणे घेत डोंगर चढू लागली, तेव्हाही काटा उतरला. “अकॉर्डिंग टू हिम, वी आर ऑलरेडी डेड,” ऋचा म्हणाली. पुन्हा सगळे हसले.

मित्रांनो, मला काळजी वाटली ती त्या हसण्याची. दोनदा मी खाली गेलो आणि दोनदा काही घडले नाही. तिसऱ्या वेळी कोणी कारण विचारत नाही.

परतीच्या दिवशी सकाळी ऋचाने मारिसेलच्या माहेरी टिचकी मारून खुणेचा काटा बसवला. समुद्रात एक वादळ होते, पण ते उत्तरेकडे निघून जाईल असे रमणच्या फोनवर दिसत होते. दोरीवरचे कपडे आदल्या दिवसापासून हलले नव्हते आणि वाळलेही नव्हते. दुपारी तिघे बसमध्ये येऊन बसले. बस भरली नसल्यामुळे स्टँडवरच उभी होती. ऋचाने सवयीने मला बाहेर काढले. दोन्ही काट्यांमध्ये अंतर पडले होते. काही वेळाने तिने पुन्हा पाहिले, तर ते वाढले होते.

“बाबा, इट्स ड्रॉपिंग अगेन.”

“आईने कुंकवाची आंघोळ घातल्यापासून तो असाच वागतो,” रमण फोनमधून मान वर न करता म्हणाला.

सुचित्राने मला हातात घेतले. तिने टिचकी मारली, खिडकीतून खाली थांबलेल्या चाकाकडे पाहिले आणि मग बोलली.

“रमण, विमान वर जात होतं, बस चढत होती. आत्ता बस उभी आहे. मग आपण चढतोय कुठे?”

तिने पुढे सांगितले, की स्टँड मारिसेलच्या माहेरापेक्षा खालच्या अंगाला आहे. खरे तर काटा सकाळपेक्षा वर असायला हवा. रमणने दुसऱ्या दिवशी पहाटेच्या विमानाची आठवण करून दिली. काटा अडकला असेल, असेही तो म्हणाला.

“अडकलेला काटा सरकत नाही,” सुचित्रा म्हणाली आणि बॅग उचलून उतरली. तिच्या मागोमाग ऋचा आणि रमणही उतरले.

तिने मला चालकालाही दाखवले. तो सौजन्याने वाकून पाहत राहिला, पण गाडी रोखण्याचा निरोप त्याला आलेला नव्हता. ऋचाला केळ्याचे वेफर्स देणाऱ्या वाहकाने बॅगा खाली काढून दिल्या आणि तिला हात केला. बस निघाली. तिघे मारिसेलच्या माहेरी पोचले तेव्हा कपडे दोरीवर फडफडू लागले होते.

वादळ वळले. त्याच संध्याकाळी घाटातली दरड बसच्या पुढे कोसळली. प्रवासी चालत वरच्या एका शाळेत पोचले. सामानासाठी मागे परतलेला वाहक पोचला नाही.

मी कोणाला वाचवले असा माझा दावा नाही. एका घटनेवरून नियम सिद्ध होत नाही, आणि वाहकही त्याच काट्यासमोर उभा होता. हवा हलकी होत होती एवढेच मी सांगितले. ते खरे होते.

घरी आल्यावर रमणने माझी काच उघडली, वाळलेले कुंकू कोरड्या ब्रशने झाडले आणि विमानतळाच्या नोंदीशी माझे वाचन ताडून पाहिले. ते जुळले. पाहुण्यांना सांगायची ती गोष्ट त्यानंतर कोणी ऐकलेली नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या जुन्या वस्तूवर विश्वास ठेवा, असे मी म्हणणार नाही. ती तपासा. बिघडली आहे असे म्हणायचे असेल, तर आधी ते सिद्ध करा. आणि तिला स्वच्छ, कोरडी ठेवा.

या दसऱ्याला सुचित्रा हळदीकुंकवाचे तबक घेऊन फळीपाशी आली. रमणने तिला क्षणभर थांबवले.

“मागच्या पितळेला लाव, काचेला नको. आणि आधी वाचू दे.”

त्याने टिचकी मारली. खिडकीबाहेर रोटोटुनाचे आकाश स्वच्छ होते. माझा काटा कालच्या खुणेच्या बराच खाली होता. या वेळी घरात कोणी हसले नाही.