खाडीपलीकडची पुतळाबाई

चिमाजीच्या थापांना रहाटणीत मान होता. मान असा, की त्याने "आज सोमवार" म्हटलं तरी ऐकणारा आधी कॅलेंडर बघून यायचा. लहानपणी कोकणात वादळाने त्याच्या घराचं छप्पर उडालं, ते शेजाऱ्याच्या गोठ्यावर अगदी मापात जाऊन बसलं, आणि शेजारी काही ते परत देईना, ही त्याची सगळ्यात साधी थाप. बायको मंजुळाबाई होती तोवर ती प्रत्येक थापेला हुंकार द्यायची. ती गेली आणि थापा घरातच साठायला लागल्या. एकट्या माणसाने थाप मारायची कुणाला? त्याने आरशापुढे मारून बघितली. समोरचा हसला नाही.

त्यामुळे समुद्रात वादळ उठलंय आणि इथल्या कंपन्यांमधली कोकणची मंडळी गावाकडच्यांसाठी तळवड्याच्या एका शेडमध्ये जमताहेत, हे कळल्यावर चिमाजी पहिल्या बसने तिथे हजर झाला. टेम्पोत ताडपत्र्या चढत होत्या, दोरांची भेंडोळी चढत होती. सगळा कारभार वर्षालीकडे. ती चाकणला एका कंपनीत क्वालिटीला, त्यामुळे माणसाकडेही ती नग तपासल्यासारखीच बघायची.

"आपलं घर आपण धरायचं नाही," तिने नियम सांगितला. "दुसऱ्याचं धरायचं. आपल्या आईशी बोलताना माणूस रडतो, दुसऱ्याच्या आईशी शहाण्यासारखा बोलतो. वादळ जाईपर्यंत फोन करत राहायचं. पहिला प्रश्न, घरात किती माणसं? एकदा धरलेलं घर सोडायचं नाही. चला, घर द्या, घर घ्या."

ज्याने त्याने आपलं घर दिलं, दुसऱ्याचं घेतलं. फिरत फिरत पाळी चिमाजीवर आली.

आता किनाऱ्यावर चिमाजीचं कुणी म्हणजे कुणी उरलं नव्हतं. घराचा चौथरासुद्धा खाडीने कधीच गिळला होता. 'नाही' म्हटलं असतं तर हातात चहाची किटली आली असती आणि संध्याकाळी पुन्हा आरसा.

"बहीण आहे," तो म्हणाला. "पुतळाबाई. कोंडसुऱ्याला, खाडीपलीकडच्या वाडीत. शेवटचं घर. एकटीच असते."

"फोन?"

"होता. माशाने..." चिमाजीने जीभ चावली. "नाही. फोन नाही तिच्याकडे."

"अहो काका, कोंडसुरं तर आमचंच! आम्ही खाडीच्या अलीकडचे, पलीकडे कधी जाणं झालं नाही. माझा भाऊ समाधान तिथे मदतीच्या पोरांत आहे. आत्याला मीच धरते. तुम्ही माझी आई धरा."

थाप तिथल्या तिथे मागे घ्यायला हवी होती. पण हातात एक घर आलं होतं, आणि ते सोडवेना.

वर्षालीची आई धरायला सोपी निघाली. छपराची गोष्ट ऐकून ती एवढी हसली, की तिला ठसका लागला. फोन ठेवला की मात्र खोली पुन्हा होती तेवढीच व्हायची. एक खुर्ची, एक ताट, आणि खिडकीतून समोरच्या बिल्डिंगचे ओले पाइप.

वादळाच्या दिवशी दुपारी त्याने फोन लावला. "घरात किती माणसं?"

"एकटीच आहे ओ," म्हातारीच्या आवाजात हसू नव्हतं. "पलीकडची सगळी शाळेत आली. तुमची पुतळाबाई तेवढी आली नाही. वर्षालीने समाधानला सांगितलं, तो कुणाला काही न विचारता होडी घेऊन निघालाय. वारा बघा कसा सुटलाय."

चिमाजीने लगेच वर्षालीला फोन लावला. "पोरी, समाधानला माघारी बोलव. पुतळाबाई नाहीच. थाप होती ती."

वर्षालीने नाक ओढल्याचं ऐकू आलं. "काका... माझ्या भावासाठी सख्ख्या बहिणीवर पाणी सोडताय?"

"अगं, पाणी कसलं सोडतोय! बहीणच नाही मला! मंजुळाची शपथ!"

"शपथा नका घालू. तुम्ही असं म्हणालात हे कळलं, तर तो जास्तच हट्टाने जाईल. धरलेलं घर सोडायचं नाही, ठरलंय आपलं."

कपाळ बडवावं तर एक हात फोनला अडकलेला. आयुष्यभर त्याच्या थापा घरोघर पाट मांडून बसल्या, आणि खऱ्याला आज कुणी उंबऱ्यातही उभं करेना. मग चिमाजीने आपल्याला येत होतं तेच केलं.

"बरं, ऐक तर मग. ती इथेच आहे. माझ्याकडे. काल एसटीने आली. वाडीतल्यांवर रुसलीये, म्हणून कुणाला सांगू नको म्हणाली."

"मग द्या तिला फोन! मी समाधानला जोडून घेते."

समोरच्या दारात सोजराबाई राहायची. लातूरकडची, विधवा, मुलगा कायम शिफ्टमध्ये. चिमाजीशी तिने बोलणंच टाकलं होतं. गच्चीवरच्या टाकीत सुसर आहे असं त्याने तिला सांगितलं होतं, आणि ती बिचारी कितीतरी दिवस खालून बादलीने पाणी वाहत होती. चिमाजीने तिचं दार बडवलं.

"कामून वाजवायलाव?" तिच्या हाताला तेल होतं. "पायाला तेल बी लावू देईनात."

"बहीण व्हा माझी. फोनवर बोलण्यापुरती."

"येड लागलंय का? खोटं मला जमत नसतंय."

"मग खरंच बोला. पोरगं रिकाम्या घराकडे होडी घेऊन निघालंय, बुडेल. आई एकटीच आहे त्याची. त्याला माघारी फिरवा."

तिने फोन हिसकावून घेतला. फोनमधून वारा भोंग्यासारखा येत होता.

"आत्या?" समाधान ओरडत होता. "आत्याच बोलताय ना?"

"कोण रे लेकरा? कुठं निघालास?"

"तुम्हाला आणायला!"

"मला? मी हितं रहाटणीला हाय. पायाला तेल लावायले."

"नक्की ना?"

"मी कधी खोटं बोलत नसते. त्या घरात कुणी नाही. तुझी माय एकटी बसलीय, ती तुला कुणी लागत नाही का? फीर माघारी!"

वर्षाली मध्येच म्हणाली, "आत्या, तुमचं बोलणं कोकणातलं नाही वाटत."

"घाट चढताना तिचे कान बसले," चिमाजी मागून ओरडला. "तेव्हापासून असंच बोलते."

एवढ्या वाऱ्यातही समाधानचं हसू ऐकू आलं. "फिरवली होडी!" आणि फोन तुटला.

सोजराबाई उंबऱ्यावरच बसून राहिली. चिमाजी वर्षालीच्या आईला फोन लावत राहिला. रिंग जायची, मध्येच मरायची. शेवटी कुणीतरी उचलला.

"घरात किती माणसं?" चिमाजीने विचारलं.

"दोन," म्हातारी रडत होती. "ओला चिंब होऊन आलंय गाढव. जेट्टी गेली ओ वाहून, याच्या मागोमाग." त्यानंतर रेंज गेली ती गेलीच.

सोजराबाईने पदराला तेलाचे हात पुसले. "त्या घरात खरंच कुणी नव्हतं ना?"

"नव्हतं."

"कधीच?"

"कधीच."

त्याच्या खांद्यावरून तिने आत बघितलं. खुर्ची बघितली, ताट बघितलं. मग उठली आणि आपलं दार लावून घेतलं.

रस्ते मोकळे झाल्यावर कोंडसुऱ्याहून पुतळाबाईसाठी आमसुलांची पिशवी आली. चिमाजीने ती समोरच्या दाराशी नेली.

सोजराबाईने फट उघडली. "पुतळाबाईचं हाय ते. माझं नाव सोजराबाई."

"निदान कढीला तरी..."

"सुसरीला घाला," ती म्हणाली. दार मिटलं.

पिशवी घेऊन चिमाजी परत आला. शेजारी बसवावी तशी ती त्याने खुर्चीवर ठेवली आणि आपण खाली बसला. तेवढ्यात फोन वाजला. वर्षाली.

"काका, वादळ गेलं म्हणून सुटलात असं समजू नका. तुमचं घर मी धरलंय, आता रोज फोन करणार. सांगा, घरात किती माणसं?"

चिमाजीने समोरच्या बंद दाराकडे बघितलं. आत कुकरची शिट्टी झाली.

"दोघं," तो म्हणाला.

"आत्या काय करतेय?"

"पायाला तेल लावतेय."

"बोलायला द्या ना जरा."

"झोप लागलीये बघ तिला, बसल्या बसल्या," चिमाजी आवाज बारीक करून म्हणाला, आणि हळू बोलू लागला, कुणी जागं होऊ नये म्हणून.