लुसाकाहून ताईला आणताना

"बेकी, फांदी एकदा हातात घेतलीस की फक्त तिच्याशीच बोलायचं," काकानं मला निघताना बजावलं. "दुसऱ्या कोणाशी एक शब्द जरी बोललास तर ती वाटेतच उतरेल आणि परक्या रस्त्यावर भटकत बसेल. समजलं?"

"समजलं," मी म्हणालो.

"तुला समजत असतं तर मला घोर कशाला लागला असता!"

काकाचं चुकत नव्हतं. मी पडलो न्हावी. डर्बनजवळच्या क्वामाशूच्या स्टेशनाबाहेर खुर्ची टाकून बसतो. कात्रीबरोबर तोंड चाललं नाही तर गिऱ्हाईक विचारतं, बरं नाही का आज? पण आईला मुलगा मी एकटाच, दुसरं पाठवणार कोणाला?

ताई म्हणजे नोमागुगु म्खिझे, गाणारी. गोऱ्यांच्या सरकारला तिची गाणी अशी झोंबली की आधी रेकॉर्डवर बंदी आली, मग नावावर, आणि मग तिलाच धरायला निघाले. ती सरहद्द ओलांडून गेली ती गेलीच, पत्रसुद्धा येऊ-जाऊ देत नसत. परदेशात गावोगाव उभी राहून तिनं आमच्यावरचे जुलूम जगाला गाऊन दाखवले, आणि सरकार नरम पडायच्या आधीच तिकडे लुसाकात छातीच्या दुखण्यानं वारली. चळवळीवरची बंदी उठली तशी आईनं अंथरुणातून धोशा लावला. "माझ्या पोरीला घरी आणा. ती आल्याशिवाय मी डोळे मिटायची नाही." हाडं राहिली तिकडच्या मातीत तरी चालतं. मेलेलं माणूस रानबोरीच्या फांदीवर बसून येतं, आमच्यात असंच आणतात. आणि आईचं काही खरं नव्हतं. जेवण सुटलं होतं, पाय सुजले होते. ताई तिच्या हयातीत घरी यायलाच हवी होती, एवढीच माझी घाई.

लुसाकात ताई ज्यांच्या घरी राहायची त्या म्वाले बाई मला कबरीवर घेऊन गेल्या. मी फांदी मातीला टेकवली आणि म्हणालो, "ताई, मी बेकी. चल घरी." फांदी उचलली. झालं, तोंडाला कुलूप.

आणि नेमकं तेव्हाच म्वाले बाईंनी डोळे पुसत सुरू केलं, "बरं झालं भाऊ, आलात. फार झुरायची हो बिचारी. आईच्या मातीला जाता आलं नाही, हे शेवटपर्यंत सलत होतं तिला."

आईच्या मातीला? कोणाच्या आईच्या?

"दरवर्षी आईचा दिवस पाळायची," बाई म्हणाल्या. "काळे कपडे घालायची, पाणीसुद्धा घ्यायची नाही. आणि आईवरचं ते गाणं म्हणायला लागली की अख्खं सभागृह रडायचं. मीसुद्धा."

माझ्या तर डोक्याचा भुगा झाला. विचारायचं तर बोलता येईना. मी हातवारे केले, डोकं हलवलं, छाती बडवली. बाईंना वाटलं, मला आईच्या आठवणीनं भरून आलंय. त्यांनी मला जवळ घेतलं आणि पाठीवरून हात फिरवला. मला वाटलं, फांदी फेकावी आणि ओरडावं, अहो, जिवंत आहे ती! पण ताई उतरली तर? गप्प बसलो.

बसमध्ये ताईची वेगळी जागा घेतली होती. फांदी खिडकीशी ठेवली, शेजारी मी बसलो, आणि गाडी सुटल्यासुटल्या तोंड सोडलं. तिच्याशी बोलायला मनाई नव्हती ना!

"काय गं ताई, आई मेली? ती तिकडे खाटेवर बसून सुनेच्या आमटीला नावं ठेवतेय, आणि तू तिला मारून मोकळी? लोकांना रडवायला दुसरं काही मिळालं नाही तुला? आमच्या घरात पोलीस धिंगाणा घालून जायचे, दर वेळी आईच्या तोंडावर टॉर्च मारून विचारायचे, कुठंय तुझी गाणारी? तिनं कधी ओठ उघडला नाही. आणि तू तिचं श्राद्ध घालत होतीस? लाज नाही वाटली?"

फांदी काय बोलणार? मला काही म्हणजे काही कळेना. भलत्याच बाईची कबर तर नव्हती? पण दगडावर नाव तिचंच होतं. डोक्यावर परिणाम झाला होता का तिच्या? की आम्हालाच विसरली होती? नुसतं विसरणं मी समजू शकलो असतो. पण जिवंत आईला मेली म्हणायचं!

वाटेत एक जाडजूड बाई गाठोडं घेऊन चढली. "ओ आजोबा, ते काटे खाली ठेवा की. माणसांना बसायला जागा नाही आणि तुम्ही झाडं कसली बसवताय?"

"ताई," मी फांदीला म्हणालो, "या बाईंना सांग, ही जागा तुझी आहे."

बाईनं इकडेतिकडे बघितलं. "कोणाशी बोलताय?"

"ताई, त्यांना सांग की तुझ्याशी बोलतोय."

मागून एक म्हातारा खेकसला, "अगं ए, ऊठ तिथून! तिथे कोणीतरी बसलंय!" बाई टेकत होती ती ताडकन उठली आणि हात जोडून मागे सरकली. पुढे अख्ख्या प्रवासात तिनं माझ्याकडे बघितलं नाही. प्रत्येक नदीवर मी सांगत होतो, ताई, ही झांबेझी, घट्ट बस. ताई, ही लिंपोपो आली, आता आपला मुलूख. सांगत होतो, पण राग तसाच होता.

सरहद्दीवर एका काळ्या पोलिसानं अडवलं. गणवेश तोच, गोऱ्यांच्या सरकारचा. "झाडपाला आत न्यायचा नाही."

"ताई, साहेबांना सांग, हा झाडपाला नाही."

त्यानं फांदीकडे बघितलं, मग माझ्याकडे. हळूच टोपी काढली. "कोणाला नेताय?"

"ताई, नाव सांग तुझं. नोमागुगु म्खिझे."

"आई शप्पथ!" तो म्हणाला. "आमची म्हातारी दार लावून ऐकायची हिला. मला दाराबाहेर उभं करायची, कोणी येतंय का बघ म्हणून." मग फांदीपुढे वाकून म्हणाला, "जा ताई. आता कोणी नाही अडवणार."

मला रडू फुटलं. तेवढ्यापुरता राग गेला, आणि गाडी सुटल्यावर परत आला.

डर्बन जवळ आलं तेव्हा आणखी एक भीती. ताईला माहीत होतं ते आमचं उम्खुंबाने वस्तीतलं घर. ते सरकारनं कधीच पाडलं आणि आम्हाला क्वामाशूत आणून टाकलं. "इथे उतरू नकोस हं," मी सांगितलं. "घर पुढे आहे." पण फांदी हातात हलकी लागत होती. पानं सुकून गळत होती. वाटेत कधीच उतरली असेल आणि मी वेड्यासारखा एका काटकीशी भांडत असेन, असंही वाटून गेलं.

घरी काका दारात उभा होता. अंगणात बकरं बांधलेलं, ज्वारीची दारू गाळून ठेवलेली, आतल्या कोपऱ्यात पूर्वजांपुढे धूप जळत होता. आईला उशा लावून तिथेच बसवलं होतं. मी फांदी चटईवर ठेवली. काका म्हणाला, "आता बोल."

मी बोललो की! "आई, तुझी लेक तिकडे तू मेलीस म्हणून सांगत होती! दरवर्षी तुझा दिवस पाळत होती! विचार तिला, का ते!"

माझी बायको "अगं बाई!" म्हणून मटकन खाली बसली. काका आ वासून बघत राहिला. आई मात्र हलली नाही.

"दरवर्षी पाळायची?" तिनं विचारलं.

"हो! उपाशी राहायची म्हणे!"

"मीच कळवलं होतं तिला," आई म्हणाली. "मी मेले म्हणून."

आईच सांगत राहिली.

"तो लाल मिशांचा पोलीस होता ना, तो मला हसत हसत म्हणाला, म्हातारे, आम्ही बातमी सोडतो की तू मरायला टेकलीस. बघ कशी धावत येते तुझी चिमणी. आणि ती आली असती रे. तशीच होती ती. म्हणून त्याच्या आधी मी चर्चच्या फादरबरोबर निरोप धाडला. म्हातारी गेली, माती पण झाली, आता यायचं काही कारण नाही. मेलेल्या आईसाठी कोण जीव धोक्यात घालतं?"

"मग मला का नाही सांगितलंस?" मी ओरडलो.

"तुला? तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही. दुसऱ्या दिवशी अर्ध्या क्वामाशूला कळलं असतं." तिला धाप लागली. "म्हटलं, हे राज्य जाईल तेव्हा सांगेन. रागावेल, शिव्या देईल, मग येईल. तर तीच आधी गेली."

काकानं घसा खाकरला. "बरं, झालं ते झालं. आता तिला हाक मारू या. आत घेऊ या."

"थांबा हो भावोजी," आई म्हणाली. "तुम्ही जाणते आहात, मला एक सांगा. मी मेले असं समजून ती गेली. मग गेल्यावर ती मला कुठे शोधत असेल?"

काका धुपाकडे बघू लागला.

"मेलेल्यांतच ना? तिथे मी नाही. माझी सासू आहे, नवरा आहे, माझी आई आहे. सगळ्यांना विचारत फिरत असेल, माझी आई कुठाय? ती ह्याच्या बसमध्ये कशाला बसेल? इथे तिचं कोण आहे, तिच्या लेखी?"

अशा वेळी काय करायचं असतं ते काकाला माहीत नव्हतं. कोणालाच माहीत नव्हतं. लुसाकाला परत जायचं, की इथूनच सांगायचं? बाहेर बकरं ओरडत होतं आणि ते कापायचं की सोडायचं हेही कोणी सांगेना.

आईनं हात पुढे केला. मी फांदी तिच्या मांडीवर दिली. तिनं ती घट्ट धरली, बोटांत काटे रुतले, रक्त आलं. बायको सोडवायला गेली तर तिनं झिडकारलं.

"गुगु," ती म्हणाली, "मी तिकडे नाही गं. मी खोटं कळवलं तुला. शोधू नकोस तिकडे. मी इथे आहे, जिवंत आहे. इकडे ये."

तेच तेच ती सांगत राहिली, आवाज बसेपर्यंत. मग दमली. डोळे माझ्यावर लावले. इतकी घाबरलेली आई मी पोलिसांसमोरही पाहिली नव्हती.

"बेकी, आली का रे ती?"

"आली, आई."

"कशावरून?"

कशावरून ते मला आजही सांगता येणार नाही. मी तिचा रक्ताळलेला हात माझ्या हातात घेतला आणि पुन्हा म्हणालो, आली.