खोली खरी, जागा खोटी

ऱ्होड्स बेटावरच्या मत्स्य-संशोधन कचेरीतली थेमेलीना आली ती माझीच वही काखोटीला मारून. कॉफीलाही नको म्हणाली आणि ओट्यावर वही उघडून बसली.

"अनेझीना, तुझ्या वडिलांनी हा ससाडोक्या मासा सत्तर मीटर खोलीवर पकडला, असं लिहिलंयस. तू दिलेल्या जागी तर बारा मीटरवर तळ लागतो. मग काय, जमीन खणून जाळं टाकलं त्यांनी?"

मला आधी हसू आलं. मग ती पानं उलटत गेली आणि माझं हसू गेलं.

आठ वर्षं मी ही वही लिहिते आहे. दूरच्या गरम समुद्रातून कालव्यावाटे इकडे आलेला, आमच्या पाण्यातला नसलेला मासा कुणी बंदरावर आणला, की मी तो फळीवर पट्टीशेजारी ठेवते, फोटो काढते, पाठीवरचे काटे मोजते, पराचा तुकडा स्पिरिटच्या बाटलीत टाकते. मग तारीख, खोली, जागा. ससाडोक्या तर मी डोळे मिटून ओळखीन: सशासारखे दात, त्यांनी जाळी कातरतो, आणि कुणी चुकून खाल्लाच तर माणूस जातो. मासा ओळखण्यात मी एकदाही चुकलेले नाही. पण चूक माशात नव्हतीच.

"खोली खरी, जागा खोटी," थेमेलीना म्हणाली. "महिनाअखेर या परक्या माशांचा नकाशा छापायला जातोय. तोवर दुरुस्त झालं नाही, तर तुमच्या बेटाच्या नोंदी गाळाव्या लागतील. सगळ्या."

मी तणतणत बंदरावरच्या कॉफीच्या दुकानात गेले. चार-पाच कोळी पत्ते खेळत होते; जागा खोट्या का सांगितल्या, म्हणून मी त्यांना फैलावर घेतलं. त्यातला याकूमिस मान वर न करता म्हणाला, "अगं, चाळीस वर्षं बायकोला सांगितलं नाही, ते तुझ्या वहीला सांगू होय?"

सगळे खो खो हसले. त्याचं बरोबर होतं. आमच्याकडे जागा कुणी सांगत नाही. किनाऱ्यावरच्या खुणा एकमेकींवर जुळवून जागा धरायची आणि ती पोटात ठेवायची. सांगायची एकदाच, एकालाच, आणि तीही आपली नाव कायमची किनाऱ्यावर ओढताना. आजोबांनी बाबांना तशीच सांगितली होती. हे ऐकत मी लहानाची मोठी झाले, आणि तरी आठ वर्षं हातात पेन घेऊन ‘जागा?’ म्हणून विचारत बसले. गाढवपणा माझाच.

पण बाबांनीही मला फसवावं, हे फार लागलं. घरी आले तेव्हा ते शेंगा सोलत होते.

"मलासुद्धा, बाबा?"

"तुला कुठं? वहीला."

"वही म्हणजे मीच ना!"

त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली. मग म्हणाले, "आण ती इकडे. मी खऱ्या जागेपेक्षा पूर्वेला एक खाडी पुढची सांगतो. कायम. माझा बापही तसंच सांगायचा. याकूमिस पश्चिमेला दोन खाड्या सरकवतो. सगळ्यांना ठाऊक आहे."

"मग लपवता कुणापासून?"

"सवय गं. आणि मी सांगितलं म्हणून त्याला सांगू नकोस."

संध्याकाळपर्यंत आम्ही एकेक नोंद सरळ करत बसलो. खोली जुळत गेली तशी मला उड्या माराव्याशा वाटत होत्या. शेवटी अकरा नोंदी उरल्या, सगळ्या बाबांच्या, सगळ्या सत्तर मीटरच्या. कितीही खाड्या सरकवल्या तरी त्या कुठंच बसेनात. त्यात ससाडोक्याची बोटभर पिल्लंही होती.

"बाबा, ही तर त्यांची वाढायची जागा दिसतेय. नकाशावर हीच सगळ्यात महत्त्वाची."

"माहीत आहे," बाबा म्हणाले. शेंगांची टरफलं त्यांनी टोपलीत भरली. "सकाळी चल."

सकाळी पाणी अगदी स्थिर होतं. बराच वेळ गेल्यावर त्यांनी इंजिन बंद केलं.

"बघ. आय-निकोलाच्या चर्चचा घुमट पांढऱ्या खडकाच्या बरोबर डोक्यावर आला. आता तिकडे बघ. जुनी पवनचक्की सुळक्याआड निम्मी गेली. दोन्ही एकदम दिसलं, की खाली खड्डा."

मी पाहिलं. दोन्ही एकदम दिसत होतं. ज्याच्यासाठी मी सगळ्या बंदराशी भांडले, ते मिळालं होतं, आणि मला ते नको झालं.

"राहू दे, बाबा. गाळू देत नोंदी."

"लिही."

"तुम्ही अजून येता की समुद्रावर!"

"मी येतो. गुडघे येत नाहीत." त्यांनी एकदा खाली पाण्यात पाहिलं. "माझी निम्मी जाळी खाल्ली त्या दातवाल्यानं. आता जागा त्याची आहे. लिही, आणि अक्षर नीट काढ."

मी लिहिलं. अक्षर काही नीट आलं नाही.

बाबांनी इंजिन चालू केलं, पण सुकाणू धरलं नाही. मला खुणेनं मागे बोलावलं आणि स्वतः हाताचा आधार घेत पुढे जाऊन बसले, हात मांडीवर ठेवून, गावाकडे तोंड करून, बोटीनं येणारे उतारू बसतात तसे. मी सुकाणू धरलं. त्या नावेत बाबांची पाठ मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होते.