अब्बांची पुडी

मंचरात अब्बांच्या पुडीचं मोठं नाव आहे. बाजारात कांदा निवडणाऱ्या बाया आमच्या मेडिकलवर डॉक्टरची चिठ्ठीबिठ्ठी आणत नाहीत. अंगदुखीची पुडी द्या म्हणतात, आणि अब्बा, म्हणजे पीरमहंमद शेख, डब्यातल्या सुट्या गोळ्या वर्तमानपत्राच्या कागदात बांधून देतात. त्यातली पांढरी गोळी स्टिरॉइडची. दुखणं पळतं, भूक लागते, माणूस खूश. आतून पोखरला जातो ते कुणाला दिसतंय?

मी फार्मसी शिकले, दुकानाच्या लायसनवर माझं नाव लागलं, तेव्हापासून घरात रोज भांडण. लोकांना आराम पडतो, मग आमिना, तुझ्याच पोटात का दुखतं, हे अब्बांचं ठरलेलं. गेल्या आठवड्यात ते लग्नाला जुन्नरला गेले आणि त्यांनी बांधून ठेवलेल्या सगळ्या पुड्या मी कचऱ्यात फेकल्या. येईल तिला तोंडावर सांगितलं, पुडी बंद. फार बरं वाटलं मला.

आज सखूबाईला तिच्या सुनेनं रिक्षातून आणलं. ही बाई कांद्याच्या गोण्या शिवायची. वर्षानुवर्षं पुडी खाऊन तोंड सुजलेलं, हातांवर काळेनिळे डाग. आज तिला दुकानाची पायरीही चढवेना, बसल्या जागी डोळे मिटत होते. पुडी बंद झाल्यापासून असंच चाललंय, असं सून म्हणाली.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. अब्बांवर, आणि त्याहून जास्त माझ्यावर. सवय लागलेलं स्टिरॉइड एकदम तोडलं तर माणूस कोसळतो, हे मी परीक्षेत लिहून आलेय. रागाच्या भरात तेच विसरले. दवाखान्यात फोन लावला. रोजची गोळी आत्ता द्या आणि ताबडतोब घेऊन या, डॉक्टर म्हणाले.

मी डब्यातून ती पांढरी गोळी काढली. सकाळीच जुन्नरहून परतलेले अब्बा गल्ल्यावर बसून नुसते बघत होते. त्या बघण्यानं माझं रक्त उकळलं.

"उठा," मी म्हणाले. "रिक्षात बसा. इतकी वर्षं हिला काय चारलंत, ते डॉक्टरांना तुमच्या तोंडानं सांगा."

ते उठले. चपला पायापाशीच होत्या, पण त्यांना सापडेनात.

मी सखूबाईची मान धरून गोळी दिली, पाणी पाजलं. गोळी गिळून तिनं माझा हात ओढला आणि कपाळाला लावला.

"तुझ्या बापावानीच गुण हाय, पोरी, तुझ्या हाताला," ती म्हणाली.