लविनियाच्या खडकावरची पाणमांजरी

ओहोटी लागली तशी लविनिया बादली घेऊन होडीत बसली. ग्वाई हानासच्या संरक्षित किनाऱ्यावर ती आणि धाकटी बहीण वर्ना दर उन्हाळ्यात रखवालीला येत. त्यांच्या हैडा या आदिवासी जमातीचं जुनं गाव, तिथले कोरीव खांब, पुढचा समुद्र, सगळ्यावर नजर ठेवायची आणि आल्यागेल्याला चहा पाजायचा. पोटापुरतं काढून खायची हैडांना मुभा होती, आणि लविनियाचा जीव होता समुद्री साळूंच्या, म्हणजे खडकाला चिकटणाऱ्या काटेरी गोळ्यांच्या, पिवळ्याधमक गाबोळीवर.

पण तिच्या हक्काच्या खडकावर आज एकही काटेरी साळू नव्हता. नुसती फुटकी कवचं.

"कोण मेला इथं जेवून गेला?" ती करवादली.

जेवणारी जवळच तरंगत होती. उताणी पडलेली पाणमांजरी आणि तिच्या पोटावर लोकरीच्या गुंड्यासारखं पिल्लू! लविनिया बघतच राहिली. कातड्यांच्या व्यापारापायी इथली पाणमांजरं पणजोबांच्या काळीच संपली होती. तिने ती फक्त आजीच्या तोंडून ऐकली होती.

पाणमांजरीने शेवाळाची लांब पट्टी पिल्लाभोवती गुंडाळली आणि बुडी मारली. पिल्लाने भोकाड पसरलं. वळवळता वळवळता पट्टी सुटली आणि ते वाहत होडीकडे येऊ लागलं. लविनियाने वल्हं वर उचलून धरलं. हात लावायचा नाही, हा नियम ती स्वतःच पाहुण्यांना दटावून सांगायची.

"अगं बाई, ये ना लवकर! पोर चाललं तुझं!"

मांजरी वर आली ती भलाथोरला साळू घेऊनच. पिल्लाला तिने पोटावर ओढलं, साळू फोडला आणि लविनियाकडे बघत बघत सगळा फस्त केला.

"काय गं ताई, गाबोळी कुठंय?" ती किनाऱ्यावर परतल्यावर रिकामी बादली बघून वर्नाने विचारलं.

"खाल्ली एका लेकुरवाळीने."

सगळं ऐकून वर्ना हसायला लागली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. "इतक्या वर्षांनी परत आली, आणि तू तिच्याशी भांडलीस?"

"मग? एक तरी ठेवायचा होता मला!"

वर्ना बातमी कळवायला रेडिओकडे वळली, तर लविनियाने माईक हिसकावून घेतला. "मी बघितलीय, मीच सांगणार."

वर्नाने मग कढई ठेवली आणि माशाचे तुकडे तळायला घेतले. पलीकडच्या खाडीतला रखवालदार हार्वी रेडिओवरून पुन्हा पुन्हा विचारत होता, "पिल्लूसुद्धा? खरंच, पिल्लूसुद्धा?" आणि लविनिया न कंटाळता दर वेळी पहिल्यापासून सांगत होती.