हात लावू नये

मी एक जुने डिझेल इंजिन आहे. एका सिलिंडरचे, हँडल मारून सुरू होणारे. मित्रांनो, ओळख सांगताना मला थोडी लाज वाटते. माझ्या जातीच्या इंजिनांनी शेतांमागून शेते भिजवली आणि मी आयुष्यात कुणाच्या वाफ्यात ओंजळभर पाणीसुद्धा सोडलेले नाही. माझे काम वेगळे होते. खोलले जाणे, हेच माझे काम.

कारखान्यात मला ओतले, घासले, ठोकून पाहिले आणि जहाजात भरले. अलेक्झांड्रियाच्या धक्क्यावर उतरून मी फय्यूमकडच्या एका खेड्यात आले. कालव्याच्या अगदी शेवटच्या टोकाचे खेडे. पाणी पाळीने सुटते. वरची गावे पोटभर पितात आणि उरलेसुरले दोन दिवस आमच्या वाट्याला येते. त्या दोन दिवसांत तुमचे इंजिन रुसले तर मिस्त्री मिळत नाही, कारण तो वरच्या गावांत अडकलेला असतो. म्हणून शेतकऱ्यांनी आणि पोरांनी आपले इंजिन आपणच दुरुस्त करावे यासाठी इथे शाळा निघाली, आणि त्या शाळेसाठी मला आणले.

शिकवायला उस्ताद शाफेई होता. त्याने पहिल्या दिवशी फळा भिंतीवरून काढला, चार विटांवर आडवा टाकला आणि त्यावर माझे सुटे भाग मांडले.

"हे तुमच्या बापाचं नाही, माझ्याही बापाचं नाही," तो म्हणाला. "मोडा. मोडल्याशिवाय कळणार नाही."

पोरांनी मला शेवटच्या नटापर्यंत खोलले, पुन्हा जोडले. जोडून झाल्यावर एखादा नट उरला की उस्ताद कमरेवर हात ठेवून म्हणायचा, "वा! कारखान्याला जास्तीचा लागला, तुला नाही लागला. जा शहाण्या, सगळ्यांना चहा कर." माझ्या चाकांचे दात घासले गेले, पेच झिजले, अंगावर पान्ह्याचे ओरखडे पडले. माझ्याइतके सुखी इंजिन त्या जिल्ह्यात नव्हते. पाळीच्या दिवसांत त्याच पोरांचे काळे हात गावभर फिरायचे आणि शेतांतून इंजिनांचा टकटकाट उठायचा. लोक म्हणायचे, या लोखंडाने गाव शिकवले. मी फुगून जायचे. खोटे कशाला सांगू?

उस्ताद म्हातारा होऊन गेला. त्याच्या जागी इंजिनियर रिफअतसाहेब आले. त्यांना शाळा "केंद्र" करायची होती. केंद्राला फरशी हवी, पडदा हवा, खुर्च्या हव्यात. फरशीवर डाग पडतील म्हणून माझे तेल काढले, टाकी कोरडी केली. चोरीला जाईल म्हणून हँडल कपाटात गेले. मला हिरवा रंग दिला. नटांना दिला, पेचांना दिला, हवा काढायच्या स्क्रूलाही दिला! मग चौथऱ्यावर चढवले, भोवती दोर बांधला आणि पाटी लावली, 'हात लावू नये'.

पाहुणे यायचे आणि माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढायचे. मुले खुर्च्यांवर बसून पडद्यावर माझे चित्र बघायची. परीक्षेत माझे चित्र काढून बाण मारायचे. बाण सरळ आले की पास.

त्याच वर्षी इन्साफ नावाची बाई शिकायला आली. नवरा गेलेला, पाऊण फद्दान, म्हणजे पाऊण एकरभर, मका, आणि माझ्यासारखेच एक इंजिन. तिला चित्राचे काही नव्हते. पाळीच्या दिवशी कुणाच्या पाया पडायचे नाही, एवढेच तिला शिकायचे होते.

"साहेब, एकदा खोलून दाखवा ना."

"पडद्यावर दाखवलं की, बाई. रंगीत होतं."

"माझं रंगीत नाही, साहेब. माझं काळं आहे."

वर्ग हसला. तिने तीनदा विचारले, तीनदा वर्ग हसला. शेवटी तीही बाण मारून पास झाली.

प्रमाणपत्रे वाटायच्या दिवशी राजधानीतून बडे पाहुणे आले. बाहेर भाड्याचा जनरेटर धडधडत होता. नेमकी तेव्हाच आमची पाळी होती, तिचा दुसरा दिवस. दुपार कलताना इन्साफ गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली, हातात पान्हा घेऊन आत धावत आली.

"टाकी रिकामी झाली होती. भरली. आता हँडल मारून मारून खांदा निखळला, सुरूच होत नाही. मका तुऱ्यात आहे हो! कुणीतरी चला!"

बावीस पोरे नव्या बुटांत बसली होती. पहिला आलेला उठला. "मावशी, बॅटरी बघितलीस का?"

"मेल्या, त्याला बॅटरी असते का? हँडल मारतात त्याला!"

पाहुणे हसले. ते हसले म्हणून रिफअतसाहेबही हसले. बाकीचे बूट बघत बसले. मित्रांनो, टाकी कोरडी पडली की नळीत हवा शिरते, हे शाफेईचे सगळ्यात बावळट पोरही सांगायचे. फिल्टरवरचा स्क्रू सैल केला की काम होते, अर्ध्या मिनिटाचे.

कुणीच उठेना, तेव्हा इन्साफने माझ्याकडे पाहिले. आणि दोराखालून आत आली.

"बाई, रंग जाईल!"

"रंगच जाईल ना, साहेब? माझं पीक चाललंय."

आपल्या इंजिनात काय अडलंय ते माझ्यात शोधायला ती रंग खरवडत सुटली. आधी नोझलची नळी सोडली. मी तर कोरडेच. मग बाहेरून जनरेटरचा डिझेलचा डबा उचलून आणला, माझ्यात ओतला आणि टाकीपासून खाली एकेक पेच सोडत निघाली. त्यात बराच वेळ गेला. शेवटी फिल्टरवरचा स्क्रू फिरला. फुसफुस झाली, फेस आला, आणि मग डिझेलची अखंड धार लागली. तीच धार फरशीवर, गालिच्यावर, साहेबांच्या बुटांवर.

इन्साफ धारेकडे बघतच राहिली. "हवा? नुसती हवा?" मग सगळ्यांकडे वळून म्हणाली, "अरे, एवढंच होतं, तर सहा महिने काय दाखवत होतात?"

ती पळत गेली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी तिला बोलावले, गालिच्यासाठी. ती दारातच उभी राहिली.

"सुरू झालं, साहेब. पहिल्याच हँडलला. पण तोवर कालव्यात चिखल उरला होता."

"मग पुढच्या पाळीला वेळेवर सुरू कर."

"तुरा पुढच्या पाळीची वाट बघत नाही, साहेब."

तिच्या मक्याला कणसे आली. सोलली तर आत निम्मे दाणेच नव्हते. तिने तो मका म्हशींना घातला. केंद्राच्या अहवालात मात्र लिहिले गेले, 'इन्साफ, उत्तीर्ण'. मला पुन्हा रंग दिला, या वेळी दोन हात, आणि पाटी मोठी केली.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या, त्यांना पुसून ठेवा, असे तुम्हाला सांगत आले असतील. मी तसे सांगणार नाही. मला पुसू नका. पान्हा आणा आणि खोला. माझा एखादा भाग मोडला तर मोडू द्या, मी लोखंड आहे, मला उपाशी राहावे लागत नाही. आणि कुणी साहेब रंगाचा डबा घेऊन शाळेत शिरताना दिसला, तर त्याला आधी विचारा, हे सुरू करून दाखवता का? नाही म्हणाला, तर दारातूनच हाकला.